शिंगाडा घाटावरची नऊ घरं

मालूताई,

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. मी मोजत बसलेलो नाही. पण संध्याकाळी तुझ्या खिडकीत दिवा लागत नाही आणि ते रोज नव्याने लक्षात येतं, त्यामुळे दिवस आपोआप मोजले जातात.

मोहल्ल्याच्या मंडळाने माझ्याकडून तुझ्यावर श्रद्धांजलीचा मजकूर मागितला. जन्म, शिक्षण, शाळेतली नोकरी, गणेशोत्सवातला पुढाकार, सगळं रीतसर हवं होतं. ते मी अर्ध्या पानात लिहून दिलं. अर्ध्या पानात मावणारं आयुष्य तुझं नव्हतं, पण जागा तेवढीच होती. हे जे आता लिहितोय ते वेगळं. तू असतीस तर हे लिहू दिलं नसतंस. "आधी तो कागद लिही," म्हणाली असतीस, चष्म्याच्या वरून बघत. तो कागद लिहून झाला, मालूताई. तू गेल्यावर लिहिला, एवढंच. त्याची हकीकत सांगायची आहे, आणि तुझ्याशिवाय कोणाला सांगावी ते सुचत नाही.

तू चौदा वर्षांची असताना तुमचं नागपूर सुटलं. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तिच्यामागे कचेऱ्या गेल्या, कचेऱ्यांमागे फायली गेल्या आणि फायलींमागे तुझे आणि माझे वडील. क्वार्टरं अजून बांधून व्हायची होती, म्हणून काही कारकुनांच्या कुटुंबांना तळ्याच्या या कोपऱ्यात लांबट बरॅकींमध्ये ठेवलं. "सहा महिने," असं सांगितलं होतं. माझा जन्म बरॅकीतला, दोन वर्षांनंतरचा. त्या सहा महिन्यांचं पुढे काय झालं हा आपल्या मोहल्ल्याचा आवडता विनोद होता. सरकारी क्वार्टरं तयार झाल्यावर काही घरं तुलसी नगरला गेली. बाकीचे इथेच रुळले होते. पुढे बरॅकी पाडल्या, सोसायटीने प्लॉट दिले आणि त्याच ओळीत, तळ्याकडे तोंड करून, आपली घरं उभी राहिली. शहर आपल्याला 'नागपुर लाइन' म्हणायचं. रिक्षावाले अजून म्हणतात, जरी या ओळीत नागपूरहून स्वतः आलेली माणसं चारच उरली होती. तीन, आता.

या ओळीवर तुझा जीव होता आणि माझाही, पण तऱ्हा वेगळ्या. मला तिचे कागद आवडायचे. मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, वाचनालयाच्या दोन कपाटांची यादी, नाटकांच्या तालमींची वेळापत्रकं, तान्ह्या पोळ्याला कोणाच्या लाकडी बैलाला पहिलं बक्षीस मिळालं त्याच्या नोंदी. तुला कागदात रस नव्हता. तुला सगळं नुसतं आठवायचं. पहिल्या वर्षी इथल्या सुताराला चाकांवरचा, मुलांनी दोरीने ओढायचा बैल ठाऊक नव्हता, आणि त्याने केलेले सगळे बैल घोड्यासारखे दिसत होते, असं तू सांगायचीस. मी विचारलं होतं, "याची नोंद कुठे आहे?"

"त्या बैलांनाच विचार ना बाप्पा," तू म्हणालीस.

ग्रंथपालाची नोकरी माणसाला एक खोड लावते. ज्या पुस्तकाचं कार्ड नाही ते पुस्तक नाही, असं वाटू लागतं. मी नोकरीतून निवृत्त झालो, खोडीतून झालो नाही. आपलं सगळं भांडण तिथलंच होतं, आणि चाळीस वर्षं ते गमतीचं होतं. मी पुरावा मागायचो, तू चिडवायचीस, मग तू पोहे करायचीस. त्या पोह्यांवर इथल्या रीतीने शेव आणि बडीशेप घालायची की नागपूरच्या रीतीने वरून तर्री, यावर दुसरं भांडण व्हायचं. तू दोन्ही घालायचीस. मला ते कधीच पटलं नाही, आणि मी कधी पानात टाकलंही नाही.

मग मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि आपल्या ओळीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तीन महिने खपून लिहिलं. पहिलं वाक्य मला एका दुपारी सुचलं आणि मी स्वतःवरच खूश झालो: 'आम्ही आलो तेव्हा या काठावर दगड आणि पाणी यांशिवाय काहीही नव्हतं.' समारंभात ते मोठ्याने वाचलं गेलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. घर सोडून आलेल्या माणसाला असं वाक्य फार गोड लागतं. आपण काहीतरी सोडलं, मग शून्यातून काहीतरी उभारलं; मध्ये दुसरं कोणी नव्हतं, कोणाचे उपकार नव्हते.

तू टाळ्या वाजवल्या नाहीस. परतताना फाटकाशी थांबून म्हणालीस, "छान लिहिलंस, श्री. आता खरं कधी लिहिणार?"

मला वाटलं बैलांसारखंच काही असेल.

आपल्या ओळीच्या शेवटी जमीन उतरते आणि घाटाच्या पायऱ्या लागतात. त्या पायऱ्यांच्या डाव्या अंगाला नऊ घरं आहेत, शिंगाड्याची लागवड करणाऱ्यांची. पावसाळ्यात ते तळ्यात वेल सोडतात, आणि नवरात्रापासून थंडीपर्यंत डोंगीत बसून, आता ट्रकच्या ट्यूबवर बसून, शिंगाडे तोडतात. ही घरं कोणाला ठाऊक नाहीत असं नव्हतं. आपल्या सगळ्या उपासांचे शिंगाडे तिथूनच यायचे. ओळीतल्या प्रत्येक बाईला रामकलीचं नाव माहीत होतं, आणि तिच्या आधी तिच्या सासूचं, जिला सगळे अम्मा म्हणायचे. तरी इतिहास लिहिताना ती घरं माझ्या मनात आली नाहीत. मुद्दाम वगळली असती तर निदान वगळताना एकदा मोजली तरी असती.

ते वाक्य स्मरणिकेतच राहिलं असतं तर आपलं भांडणही गमतीचंच राहिलं असतं. पण तळ्याकाठी चालण्यासाठी नवी पायवाट करायचं ठरलं, आणि वस्तीच्या इतिहासाचे फलक लावायचे म्हणून कोणीतरी मंडळाकडे मजकूर मागितला. मंडळाने स्मरणिकेचं हिंदी करून दिलं. मीच तपासून दिलं. या वर्षी चैत्रात त्या नऊ घरांना नोटीस आली. घरं अलीकडची आहेत, अतिक्रमण आहे, तट पर पूर्व में कोई बसाहट नहीं थी, असं तीत लिहिलं होतं, आणि आधार म्हणून आपल्या मंडळाच्या इतिहासाचं नाव होतं.

ती नोटीस घेऊन तू माझ्याकडे आलीस. रामकलीचा मुलगा जगदीश तुझ्यामागे, फाटकाबाहेर उभा होता. तू त्याला आत बोलावलंस, माझ्या घरात, मला न विचारता. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"हे तुझं वाक्य आहे ना?" तू विचारलंस.

"माझं वाक्य असं नाही. त्यांनी अर्थ वाढवला आहे."

"किती वाढवला? काहीही नव्हतं म्हणजे काहीही नव्हतं. त्यांनी तर बरोबरच वाचलं."

जगदीश म्हणाला, "भैया, आप बस एक काग़ज़ लिख दो कि हम लोग पहले से थे. दादी के टाइम से. बस इतना."

मी म्हणालो की नुसतं लिहून चालत नाही, पुरावा लागतो. जुना नकाशा मिळेल, तळ्याच्या ठेक्याची कागदपत्रं मिळतील, मी शोधतो. तो उठला, माझ्या पाया पडला आणि गेला. तू गेली नाहीस.

त्या दिवशी तू मला विस्तवाची गोष्ट सांगितलीस. ट्रक इथे थांबला तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. तुझ्या आईजवळ शेगडी होती, कोळसे होते, पण काडेपेटी कुठल्या गाठोड्यात होती ते सापडेना. तुझे वडील फायलींच्या पेट्या उतरवून घेत होते. तुझा धाकटा भाऊ भुकेने रडत होता. तेव्हा खालच्या घरांतून एक बाई खापरावर विस्तव घेऊन आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. नवी माणसं उतरली आहेत आणि त्यांच्याकडून धूर निघत नाही, एवढं तिने पाहिलं होतं.

"ती अम्मा," तू म्हणालीस. "आपल्या ओळीतली पहिली शेगडी त्यांच्या विस्तवावर पेटली. आणि तू लिहितोस दगड आणि पाणी."

"तू चौदा वर्षांची होतीस, मालूताई. आठवण बदलते."

"बदलत असेल. पण त्या दिवशी आम्ही जेवलो."

मी म्हणालो की हे सगळं खरं असलं तरी कचेरीत चालणार नाही. तू चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंस. मला तुझा तो चेहरा ओळखीचा नव्हता. मग म्हणालीस, "कागद कुठे पळत नाहीत, श्री. मी पळणार आहे. आधी मला लिहून घे."

मी लिहून घेतलं नाही. मी नकाशा शोधला. एम. पी. नगरमधल्या एका कचेरीत चार वेळा गेलो, जुन्या शहरातल्या एका गोदामात दोन दिवस धुळीत बसलो. तळ्याचे नकाशे मिळाले; त्यात तळं होतं, पायऱ्या होत्या, झाडंसुद्धा होती, घरं नव्हती. नकाशा काढणाऱ्यालाही ती दिसली नसावीत. तू दर आठवड्याला विचारायचीस, "मिळाला का तुझा कागद?" आणि मी म्हणायचो, "शोधतोय." तू एकदा म्हणालीस, "शोध. तेवढ्यात मी मेले तर मलाही फायलीत लाव." आपण दोघेही हसलो. मी हसलो ते आता माझ्यापाशी राहिलं आहे.

सुनावणीची तारीख कळली तेव्हा ठरलं की तू स्वतः जाऊन सांगायचं. तू इस्त्रीची साडी काढून ठेवली होतीस. काय बोलायचं ते हिंदीत पाठ करत होतीस, आणि तुझं हिंदी इतक्या वर्षांनंतरही शाळेतल्या बाईंचं होतं. "मैं सत्यनिष्ठा से कहती हूँ," अशी सुरुवात. जगदीश म्हणाला होता, "दीदी, ऐसे बोलोगी तो साहब खड़ा हो जाएगा." मग खोकला आला, मग ताप, आणि पाचव्या दिवशी तू नव्हतीस. सुनावणीला नऊ दिवस राहिले होते.

तुझा भाचा पुण्याहून पोचेपर्यंत तुझ्याजवळ रामकली बसली होती. ओळीतल्या बायका येत होत्या, हात जोडत होत्या, बाहेर जाऊन खुर्च्यांवर बसत होत्या. रामकली तुझ्या खाटेशी, जमिनीवर, तुझा पाय धरून. तिच्या हातांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. शिंगाड्याच्या काट्यांनी बोटांची टोकं काळी आणि जाड झाली आहेत. ती रडत नव्हती. मला पाहून एवढंच म्हणाली, "बहुत गुस्सा थीं आप पे. पर नाम आप का ही लेती थीं."

मालूताई, इथून पुढचं तुला सांगितलेलं नाही. तू जिवंत असताना सांगायला हवं होतं. तुला बहुधा ठाऊक असेल, पण माझ्या तोंडून ऐकायची तू वाट पाहत होतीस असं आता वाटतं.

मी सहा-सात वर्षांचा असताना दर चतुर्थीच्या आणि एकादशीच्या आदल्या दिवशी आई मला टोपली देऊन खालच्या घरांकडे पाठवायची. नियम ठरलेले होते. उंबऱ्याबाहेर थांबायचं. हाक मारायची. टोपली खाली ठेवायची आणि दोन पावलं मागे व्हायचं. अम्मा आतून यायची, तिच्या टोपलीतून माझ्या टोपलीत शिंगाडे ओतायची, आणि आत गेली की मी टोपली उचलायची. घरी आल्यावर आई दारातच त्या शिंगाड्यांवर पाणी ओतायची, मगच ते स्वयंपाकघरात जायचे. त्याच शिंगाड्यांचा शिरा देवाला दाखवला जायचा. अम्मा एकदा मला म्हणाली होती, "आ जा बेटा, धूप है." मी आत गेलो नाही. उन्हात दोन पावलं मागे उभा राहिलो, आज्ञाधारक मुलासारखा. माझी आई वाईट बाई नव्हती. ओळीतल्या सगळ्याच घरांत हेच चालायचं. तू तेवढी आत जायचीस, आणि त्यासाठी तुझ्या वडिलांनी तुझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं, हे मी आईच्याच तोंडून ऐकलं होतं. ती ते तुझं वाईट उदाहरण म्हणून सांगायची.

म्हणजे पुरावा माझ्यापाशी होता. चैत्रातही होता आणि स्मरणिका लिहितानाही होता. मला ती घरं आठवत होती, दारांसकट. पण ती आठवायची तर मी कुठे उभा होतो तेही आठवावं लागलं असतं. मी कागद मिळत नाही म्हणून थांबलो नव्हतो. कागद मिळाला असता तर मला काहीच सांगावं लागलं नसतं, म्हणून मी कागद शोधत होतो. हे मला तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं, तुझ्या घराबाहेर मांडलेल्या भाड्याच्या खुर्च्या मोजून परत देताना.

सुनावणीला मी गेलो. मंडळाच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी फोन केला होता. "श्रीकांतराव, कशाला आता ते उकरून काढता? आपलं नाव आहे शहरात. मालूताईंचं ठीक होतं, त्या बोलायच्या. तुम्ही तर लिहिणारे." मी म्हणालो की म्हणूनच जातो. फार धीटपणाने म्हणालो असं नाही.

तिथे एक मध्यमवयीन बाबू जबाब लिहून घेत होता. जगदीश आणि रामकली भिंतीशी बाकावर बसले होते. मी नाव, वय, पत्ता सांगितला. मग सांगितलं की मंडळाच्या इतिहासातलं पहिलं वाक्य मी लिहिलं आहे आणि ते चूक आहे.

"कैसे पता कि ग़लत है?" त्याने विचारलं.

मी तुझ्यापासून सुरुवात केली. सवयीने, मला नेहमी दुसऱ्याचा आधार लागतो. म्हणालो, "मेरे पड़ोस में एक बड़ी बहन थीं, उन्होंने बताया था कि पहले दिन…"

"उनको ले आइए."

"वो अब नहीं हैं."

"तो सर, सुनी हुई बात मैं नहीं लिख सकता. आपने ख़ुद क्या देखा, वो बोलिए."

मालूताई, चाळीस वर्षांच्या चिडवण्यातून तू मला हेच विचारत होतीस.

मी म्हणालो, "दरवाज़े देखे. नौ दरवाज़े. मैं छह-सात साल का था." मग एकेक आठवत गेलं आणि मी बोलत गेलो. दारं बुटकी होती, मोठ्या माणसाला वाकावं लागायचं. दिवाळीत उंबऱ्यावर गेरू आणि चुन्याने वेलबुट्टी काढलेली असायची. चौथ्या दारापुढे लोखंडी कढई असायची, तीत शिंगाडे उकडायचे, आणि त्या वाफेचा चिखलासारखा, गोडसर वास पार आपल्या बरॅकींपर्यंत यायचा. अम्माच्या दाराची डावी फळी फुटलेली होती आणि तिला टिनाचा पत्रा ठोकला होता. त्या पत्र्यावर ऊन पडलं की माझे डोळे दिपायचे.

बाबू लिहीत होता. म्हणाला, "और अंदर? अंदर क्या था? कितने कमरे?"

"मालूम नहीं."

"इतनी बार गए, अंदर नहीं गए?"

"नहीं. जाने नहीं देते थे."

"कौन? ये लोग?"

"नहीं," मी म्हणालो. "हमारे लोग."

त्याचं पेन थांबलं. त्याने वर पाहिलं, मग बाकावरच्या रामकलीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. आपल्या शहरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याने आवाज थोडा खाली आणून विचारलं, "ये भी लिखूँ?"

मला आई दिसत होती, दारात तांब्या घेऊन उभी. मी म्हणालो, "लिखिए. इसी से तो मालूम है कि दरवाज़े थे."

त्याने लिहिलं. सगळं वाचून दाखवलं. शेवटी अर्जदारांशी तुमचं नातं काय, असा रकाना होता. मी 'पड़ोसी' लिहिलं आणि सही केली. हिंदीत सही करताना माझं अक्षर नेहमी शाळकरी येतं.

निकाल अजून लागलेला नाही. महिनाभर लागेल म्हणतात, जास्तही लागेल. माझा जबाब पुरेसा आहे का, हे तिथल्या कोणी सांगितलं नाही, आणि मला खोटी आशा लिहायची नाही. तुझा जबाब असता तर तो आत गेलेल्या माणसाचा जबाब झाला असता. तो मी तुझ्याकडून लिहून घेतला नाही, आणि त्याची भरपाई कोणत्या कागदाने होईल असं मला वाटत नाही. स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत चिकटवायला मी एक पट्टी छापून घेतली आहे: 'आम्ही आलो तेव्हा या काठावर नऊ घरं होती.' मंडळाने अजून परवानगी दिलेली नाही. माझ्या प्रतीत आणि वाचनालयाच्या प्रतीत मी ती लावली. वाचनालयाची किल्ली माझ्याकडेच असते, तू त्यावरूनही मला बोलली असतीस.

तुझ्याकडून किती घेतलं याची यादी मी करणार नाही. तुला याद्यांची चीड होती. एवढंच सांगतो की माझे वडील गेले तेव्हा तू महिनाभर रोज सकाळी येऊन वर्तमानपत्र मोठ्याने चुकीचं वाचायचीस, मी दुरुस्त करावं म्हणून. मला तेव्हा वाटायचं तुझी नजर अधू झाली आहे.

कचेरीतून आम्ही तिघे एकाच रिक्षाने परतलो. जगदीश पुढे, चालकाच्या बाजूला. घाटाशी उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील, ऊन चटके देत होतं. मी नमस्कार करून आपल्या ओळीकडे वळलो तर रामकली म्हणाली, "भैया, चाय पी के जाओ." मग, मी थांबलेला पाहून, जरा रागानेच, "बाहर नहीं. अंदर."

दार आता लोखंडी आहे, पण अजून बुटकं. मी वाकलो. आत दोन खोल्या आहेत, मालूताई. बाबूने विचारलं होतं म्हणून सांगतो. पुढच्या खोलीत खाट, गॅस, जाळी, दोन ट्यूब, आणि दाराकडे तोंड करून ठेवलेली एक वेताची खुर्ची, जी तुझ्या घरातली होती हे मी ओळखलं. रामकलीने मला तिच्यावरच बसवलं. चहात मीठ होतं, भोपाळी पद्धतीचं, तुला आवडायचं तसं आणि मला न आवडणारं. मी तो प्यालो.

त्या खुर्चीवरून आपली सगळी ओळ दिसते. मी आयुष्यभर त्या ओळीतून तळं पाहिलं. तळ्याकडून ओळ कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. सगळी दारं दिसतात. रामकली बोटाने दाखवत होती, कोणाचं कुलूप कधी लागलं, कोणाचा मुलगा बंगळूरहून येऊन घर विकून गेला, कोणत्या घरात नवीन सून आली. तिला आपला इतिहास माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त पाठ आहे. मग तिने तुझं दार दाखवलं आणि थांबली. त्याच्या लगत माझं. तिथून पाहिलं तर ती दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत.

तुझा,
श्री